शनिवार-रविवारची फोटोग्राफी कार्यशाळा, नाशिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यशाळेला येण्याआधी, ती चालू असताना आणि घरी गेल्यावर जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. एकच उत्तर दोन ठिकाणी दिलेलं नाही. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. मी आलो तर चालेल का?

चालेल. पहिलं सत्र कॅमेरा धरण्यापासूनच सुरू होतं: डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या खाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास सोडून क्षणभर थांबायचं आणि शटर हळू दाबायचं. बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो, एवढंच कळायलाही अनेकांना पहिला अर्धा तास लागतो आणि त्यात काही बिघडत नाही. येण्याआधी तीनच गोष्टी शोधून ठेवा: मोडची चकती कुठे आहे, आयएसओचं (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारं) बटण कुठे आहे आणि अधिक-उणे चिन्ह असलेलं, फोटो उजळ-गडद करणारं बटण कुठे आहे. बाकीचा मेनू उघडायची घाई नको.

२. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. उपयोग होईल का?

होईल, आणि बराच. प्रकाशाची दिशा, चौकट, कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं हे सगळं मोबाइलवर तितकंच शिकता येतं. अडतं ते दूरच्या पक्ष्यापाशी आणि अंधारात हलणाऱ्या माणसापाशी.

चार सवयी लावून या. एक, फोटोआधी लेन्स सुती कापडाने पुसायची. दिव्यांभोवती जी धुरकट वलयं दिसतात ती बहुतेक वेळा बोटांच्या तेलकट ठशांची असतात. दोन, बोटांनी चिमटा काढून झूम करायचं नाही. चार पावलं पुढे जायचं. फोनला वेगळी झूम लेन्स असेल तर ती जरूर वापरा, पण तिच्या ठरलेल्या आकड्यावरच. तीन, ज्याचा फोटो हवा त्याच्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा. चार, सेटिंगमध्ये जाऊन चौकटीच्या रेघा सुरू करायच्या.

पोर्ट्रेट मोडबद्दल सावध राहा. तिथली धूसर पार्श्वभूमी लेन्सची नसते, फोनने हिशेब करून घातलेली असते. उडते केस, झुमके, चष्म्याची काडी, नऊवारीचा पदर अशा ठिकाणी कडा चुकते, आणि छापील प्रतीत ती लगेच डोळ्यात येते.

३. कार्यशाळेसाठी नवा कॅमेरा घेऊ का? कोणता?

आत्ता घेऊ नका. आधी कुणाचा तरी उसना आणा, भाड्याने घ्या किंवा मोबाइलवर या. आपल्याला काय काढायला आवडतं हे दोन दिवसांत बरंच कळतं आणि खरेदी त्यावर अवलंबून असते. घाटावरची माणसं आवडली तर छोटी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स पुरते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). पक्षी आवडले तर खर्चाचा मोठा भाग लांब लेन्सवर जाणार, म्हणजे बॉडीवर तेवढा कमी उरतो.

जुना कॅमेरा घेत असाल तर तीन तपासण्या जागेवरच करा. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहा. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग मोजा. दहा-पंधरा फोटो सलग काढून शटर अडखळतं का ते ऐका. सेन्सरवरची धूळ साफ होते. लेन्सच्या आत शिरलेली बुरशी काढायला लेन्स उघडावी लागते, आणि काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

४. दोन दिवसांत नेमकं काय होतं?

शनिवारी सकाळी वर्गात एक्स्पोजर आणि फोकस. दुपारी भांडी बाजार आणि सराफ बाजाराच्या गल्ल्यांत फिरून सराव. संध्याकाळी गोदाआरती. रविवारी उजाडायच्या आत घाटावर. नाश्ता झाला की सर्वांत महत्त्वाचं सत्र: प्रत्येकाने आपले दहाच फोटो निवडून आणायचे आणि सगळ्यांसमोर त्यांची चर्चा. ही निवड स्वतःच करायची. तीनशे फोटोंतून दहा काढताना आपण काय बघत होतो ते उघडं पडतं.

दोन दिवसांत कॅमेरा पुरता शिकून होत नाही. होते ती एक सवय: बटणाला हात लावण्याआधी उजेड कुठून येतोय हे बघणं, आणि त्याप्रमाणे आपली जागा बदलणं. पुढचं सगळं सरावाने येतं (प्रश्न २०).

५. सोबत काय आणायचं?

चार्ज केलेली बॅटरी आणि जमल्यास दुसरी. थंडीत पहाटे बॅटरी लवकर उतरते. ३२ किंवा ६४ जीबीचं रिकामं कार्ड. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ६४ जीबीत दोनेक हजार फोटो बसतात आणि तेवढे लागतच नाहीत. सुती रुमाल, मोठी प्लॅस्टिकची पिशवी, पाणी, टोपी. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा पकड असलेल्या आणि पटकन काढता येणाऱ्या चपला घाला. गर्दीत ट्रायपॉड लोकांच्या पायांत येतो. तो फक्त रविवारच्या पहाटेसाठी आणा. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरजवळची (डोळा लावायच्या खिडकीजवळची) बारीक चकती फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवा. फोटो नीट येऊनही व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

६. शटर, अपर्चर, आयएसओ कितीदा वाचलं तरी गोंधळ होतो. सुरुवात कुठून करू?

शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. तिन्ही एकदम फिरवू नका. मोडची चकती ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर (अपर्चर मोड) ठेवा, आयएसओ ४०० करा, सावलीत एखाद्या माणसाला उभं करा आणि त्याच्यामागे तीन-चार मीटरवर दुकानाची पाटी येऊ द्या. एफ ४, एफ ८ आणि एफ १६ वर एकेक फोटो काढा. पाटी हळूहळू वाचता यायला लागते आणि त्याच वेळी कॅमेरा शटर मंद करत जातो. एफ ४ ते एफ १६ म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे उजेड सोळाव्या हिश्शावर येतो. १/५०० चं शटर १/३० होतं. हा आकडा स्वतःच्या कॅमेऱ्यावर बदलताना दिसला की एरवीचं पाठांतर लागत नाही.

मग चकती ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर (शटर मोड) न्या आणि रस्त्यावरची रिक्षा १/१०००, १/१२५ आणि १/१५ वर काढा. आयएसओ शेवटी: अपर्चर आणि शटर दोन्ही हवं तिथे ठेवूनही उजेड पुरत नसेल तरच तो वाढवायचा. पण वाढवायला घाबरायचंही नाही. दाणेदार पण स्थिर फोटो वापरता येतो, स्वच्छ पण हललेला येत नाही.

७. मॅन्युअल मोडवरच काढायला हवं का?

नाही. घाटावर दर मिनिटाला ऊन-सावली बदलते तिथे अपर्चर मोड आणि अधिक-उणे बटण ही जोडी सर्वांत वेगवान. उजेड स्थिर असेल, पण चौकटीतला विषय काळा-पांढरा बदलत असेल, किंवा फ्लॅश वापरायचा असेल, तर मॅन्युअलचा फायदा होतो. कोणता मोड वापरला हे फोटोत दिसत नाही.

८. माझे फोटो स्पष्ट येत नाहीत. लेन्स खराब आहे का?

क्वचितच. फोटो पडद्यावर १०० टक्के मोठा करून पाहा, कारण त्यातच सापडतं.

सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. शटरचा आकडा किमान लेन्सच्या मिमीच्या दीडपट ठेवा (क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरसाठी): ५० मिमीला १/८०, २०० मिमीला १/३२०. पायऱ्या, खांब स्पष्ट आणि माणूस तेवढा फिसकटलेला असेल तर माणूस हलला. चालणाऱ्याला १/२५०, पाण्यात उडी मारणाऱ्या पोराला १/१००० लागतं. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो: लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप भरून काढतं, समोरच्याची हालचाल नाही.

माणूस धूसर पण मागची भिंत लख्ख असेल तर फोकस चुकला. कॅमेऱ्याला फोकसची जागा आपोआप निवडू देऊ नका. एकच बिंदू ठेवा आणि तो जवळच्या डोळ्यावर आणा. चेहरा-डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर ती सोय सुरू ठेवा, फक्त गर्दीत तो भलताच चेहरा पकडतो, तिकडे लक्ष असू द्या. आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा असेल तर लेन्स पुसा.

९. काळारामाचं देऊळ फोटोत करडं का दिसतं? आणि पांढरं धोतर मळकट का?

कॅमेऱ्याच्या मीटरला काळा दगड आणि सावलीतला पांढरा दगड यातला फरक कळत नाही. चौकटीत जे काही असेल त्याची सरासरी मध्यम करडी धरून तो उजेड ठरवतो. चौकट काळ्या पाषाणाने भरली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि देऊळ करडं होतं. पांढऱ्या धोतरांची रांग भरली की उलट.

उपाय अधिक-उणे बटणाचा. काळ्याला उणे ०.७ ते १, पांढऱ्याला अधिक ०.७ ते १. मग हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) पाहा: काळ्या देवळाचा डोंगर डावीकडेच झुकलेला हवा, मध्यभागी आलेला नको. काम झालं की बटण शून्यावर आणा. पुढचा सगळा संच काळवंडतो त्याचं कारण बहुतेकदा हा विसरलेला आकडाच असतो. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचाच नाही, आणि आवारातही तिथल्या पाट्यांवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. काळ्या-पांढऱ्याच्या नियमाचा एक फसवा अपवाद प्रश्न १६ मध्ये आहे.

१०. घाटावर पहाटेच का जायचं? नऊ वाजता नाही का चालणार?

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठावर, सराफ बाजाराकडचं जुनं नाशिक पश्चिमेच्या. त्यामुळे सकाळी सूर्य पंचवटीच्या देवळांमागून वर येतो. जुन्या नाशिककडच्या काठावर उभं राहून पंचवटीकडे कॅमेरा केला तर समोर उजेड: शिखरांच्या बाह्याकृती, पाण्यावरची वाफ, ओंजळीतून सांडणाऱ्या पाण्याची चकाकती धार. त्याच वेळी पंचवटीच्या बाजूने पलीकडे पाहिलं तर समोरच्या काठावर मऊ, सोनेरी, पुढून पडलेला उजेड. एकाच सकाळी पूल ओलांडून दोन्ही फोटो मिळतात. संध्याकाळी हे सगळं उलटं.

नऊपर्यंत ऊन वर येतं, डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि पायऱ्यांचा दगड पांढरा फटक होतो. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, मे अखेरीस सहाच्या सुमारास. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर असावं. उगवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं निळसर उजेड असतो, तेव्हा एफ २.८, आयएसओ १६०० आणि १/६० च्या आसपास जमतं. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) असेल तर आयएसओ ३२०० करा. उजेड वाढला की आयएसओ खाली आणायला विसरू नका.

११. आरतीच्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात आणि ज्योत पांढरी होते. काय चुकतं?

पट्टे एलईडी दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे बहुतेक जातात. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर ती सुरू करा. इलेक्ट्रॉनिक शटर अशा ठिकाणी बंद ठेवावं.

ज्योत पांढरी होते कारण मीटर भोवतीचा अंधार उजळायला जातो. उणे १ ते उणे १.७ पर्यंत जा, ज्योतीचा पिवळा-केशरी रंग परत येईपर्यंत. व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब ठरवणारी सेटिंग) ऑटोवर असेल तर तो ही ऊब खोडून टाकतो; दिवसाच्या उन्हाच्या चिन्हावर ठेवा. पुजाऱ्याच्या चेहऱ्यावर पडणारा आरतीचा उजेड पकडायचा असेल तर पंचारती चेहऱ्याच्या सर्वांत जवळ येते त्या वळणाची वाट पाहा. हात गोल फिरतो, एक-दोन आवर्तनं नुसती पाहिली की जागा कळते.

१२. दुपारी बाजारात कसे फोटो येणार? ऊन तर डोक्यावर.

गल्ल्या अरुंद आहेत, तेच कामाला येतं. ऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि तिथून परतून दुकानात शिरतं. हा मऊ, एका बाजूने येणारा उजेड असतो. दुकानदार काकांना उंबऱ्यापासून हातभर आत बसू द्या, आपण बाहेरून तिरपं उभं राहा.

तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. त्यावरची चमक घालवायला लोक पोलरायझर फिल्टर लावतात आणि काही फरक पडत नाही. पोलरायझर काचेवरचं, पाण्यावरचं, पानांवरचं प्रतिबिंब कमी करतो. उघड्या धातूवरचं करत नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. घंगाळाच्या पोटात तुमचं आणि रस्त्याचं प्रतिबिंब दिसत असेल तर उपाय जागेचा आहे. हळूहळू बाजूला सरका, जोवर त्या गोलाईत एखादी साधी भिंत किंवा दुकानाची सावली येत नाही. साथीदाराने पांढरा रुमाल बाजूला ताणून धरला तर भांड्यावर लांब, मऊ चमक उतरते आणि ठोक्यांचे खळगे एकेक करून दिसू लागतात. काठावरचा एखादा चमकता ठिपका जळाला तर जळू द्या. तो वाचवायला गेलात तर सगळं भांडं काळवंडेल.

१३. लोकांचे फोटो विचारून काढायचे की न विचारता? गंगेवर (म्हणजे गोदाघाटावर) तर सगळेच काढतात.

यावर आमचं मत ठाम आहे. रामकुंडावर रोज लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया आणि पिंडदान चालू असतं, कुणाचं मुंडण चालू असतं. त्या माणसाच्या घरात मृत्यू झालेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर लेन्स रोखायची नाही: लांबूनही नाही, झूम करूनही नाही, ‘नंतर विचारू’ म्हणूनही नाही. कार्यशाळेत असे फोटो चर्चेला घेतले जात नाहीत. विधी दाखवायचा असेल तर गुरुजींना आणि कुटुंबातल्या वडीलधाऱ्याला आधी विचारा, आणि होकार मिळाला तरी हात, दर्भ, पाण्यावर जाणारी फुलं एवढ्यावरच थांबा. कपडे बदलणाऱ्या किंवा आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. त्यात चर्चेला जागाच नाही.

बाकीच्यांना विचारणं सोपं असतं. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ एवढं पुरतं. विचारल्याने सहजपणा जातो ही भीती खरी आहे, पण पाच मिनिटांपुरतीच. पहिला फोटो ताठ येतो, तो काढून दाखवा. मग फुलांच्या टोपलीबद्दल दोन गोष्टी बोला, त्या पुन्हा हार ओवायला लागतील, आणि खरा फोटो तिथे असतो. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारा. नाही म्हटलं की कॅमेरा खाली. फोटो पाठवतो म्हटलं असेल तर त्याच आठवड्यात पाठवा.

१४. कॅमेरा कुठे काढूच नये? आणि ड्रोन?

नाशिक रोडची नोटांची आणि सिक्युरिटी प्रेस, देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास नाही, कुंपणाबाहेरूनही नाही. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी पाहा; लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण क्षेत्राचं बंधन त्यालाही आहे. आमच्या कार्यशाळेत ड्रोन नसतो.

१५. पांडवलेण्यांत अंधार असतो. ट्रायपॉड नेता येईल का? फ्लॅश?

लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, ट्रायपॉडला आधी परवानगी घ्यावी लागते. फ्लॅश वापरू नका. नियम बाजूला ठेवला तरी समोरून पडलेला फ्लॅश कोरीवकामाची सावली पुसतो आणि मूर्ती सपाट दिसते. शिलालेखांनाही हेच लागू: अक्षरं खोदलेली आहेत, बाजूने तिरपा उजेड असेल तरच ती वाचता येतात.

खांबाला टेकून उभं राहा, आयएसओ १६०० ते ३२००, एफ ४, आणि ओळीने तीन-चार फोटो काढा. त्यातला एक स्थिर येतो. दारातून येणारा उजेड आणि आतला अंधार यांत इतका फरक असतो की दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. दाराकडे पाठ करा, उजेड तुमच्या मागून आत जाऊ द्या.

१६. नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला कार्यशाळेतलं पुरेल का?

पायाभूत पुरेल, लेन्स पुरणार नाही. ३०० मिमीच्या खाली पक्षी ठिपका राहतो, ४०० मिमी बरी. निफाड तालुक्यातलं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जा. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून जास्त, सलग फोकस, आयएसओ ऑटो ६४०० पर्यंत. बसलेल्याला १/५०० पुरतं.

आता प्रश्न ९ चा अपवाद. तिथे सांगितलं की पांढऱ्याला अधिक करायचं. पण गडद पाण्यावर एकटा बगळा किंवा चमचा (चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी) उभा असेल तर चौकटीचा मोठा भाग काळा आहे, पक्षी छोटा. मीटर पाण्याला बघून उजेड वाढवतो आणि पिसं जळून पांढरा कागद होतो. इथे उणे ०.७ ते उणे १.३. म्हणजे विषयाचा रंग बघायचा नाही, चौकटीत जास्त जागा कशाने व्यापली आहे ते बघायचं.

१७. सोमेश्वरच्या धबधब्याचं पाणी दुधासारखं कसं दाखवायचं?

ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. ढगाळ दुपारी शटर साधारण १/३० मिळतं. तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद) फिल्टर लावला की १/४ सेकंद, सहा स्टॉपचा लावला की २ सेकंद. आमची पसंती १/४ ते १/२ ला: पाणी वाहतंही दिसतं आणि धारा वेगळ्याही राहतात. दोन सेकंदांत सगळा कापूस होतो. एफ २२ वर जाऊन वेळ वाढवू नका, तिथे फोटोची धार मरते.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर खडकांवर उतरायचं नाही. पाणी वाढायला लागलं की ते भराभर वाढतं आणि ओला काळा खडक पाय धरत नाही. गोदाघाटावर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलंय हे नाशिककर बघतात. असे फोटो पुलावरून किंवा वरच्या रस्त्यावरून, पोलिसांनी अडवलं नसेल तिथूनच काढा.

१८. पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळू? भिजला तर तांदळात ठेवू का?

तांदळात नको, त्याचा भुगा फटींत जातो. लगेच बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या कापडाने टिपा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि तोवर चालू करून बघू नका. बरेच कॅमेरे पाण्याने नाही, ओले असताना बटण दाबल्याने जातात.

बुरशीला दमट हवा लागते. कातडी बॅग आणि लाकडी कपाट टाळा. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचे दाणे रंग बदलतात, तेव्हा ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. एसी गाडीतून बाहेर पडल्यावर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

रंगपंचमीला शनि चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा इथल्या रहाडींवर (रंगाच्या पाण्याच्या हौदांवर) जाणार असाल तर एकच लेन्स लावून घरून निघा आणि रस्त्यात ती बदलू नका. जाड प्लॅस्टिक पिशवीला लेन्सपुरतं भोक, रबराने आवळलेलं, पुढे साधा यूव्ही फिल्टर. उडी मारणाऱ्याचा फोटो १/१००० वर. उंचावरून काढलात तर रंगाचं पाणी उसळून फुटताना दिसतं आणि कॅमेराही वाचतो.

१९. द्राक्षबागेत फोटो काढायचे आहेत. काय लक्षात ठेवू?

काढणी साधारण जानेवारी ते मार्च. सकाळी लवकर, सूर्य घडाच्या मागे येईल असं खाली बसा. मणी आतून उजळतात आणि बिया दिसतात. पुढची बाजू काळी पडते, तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा घडाच्या अर्ध्या मीटरवर धरा. घडाला बोट लावू नका. मण्यावरचा पांढरट नैसर्गिक थर पुसला जातो, बोटाचा ठसा उरतो आणि तो घड बाजारात मार खातो. शेतकऱ्याला विचारूनच आत जा, फवारणी कधी झाली तेही विचारा, आणि ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका.

२०. कार्यशाळेनंतर सराव कसा करू? आठवड्यात सगळं विसरतं.

घरातली एक खिडकी आणि एक माणूस पुरे. त्याला खिडकीसमोर, मग बाजूला, मग पाठ करून बसवा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ फोटो काढा. पुढच्या आठवड्यात एकाच लेन्सवर, एकाच मिमीवर राहा. त्यापुढे ठरवून एक जागा घ्या, उदाहरणार्थ घाटावरचा बुधवारचा बाजार, आणि महिनाभर दर आठवड्याला तिथेच जा. नव्या जागा शोधत फिरण्यापेक्षा हे जास्त शिकवतं, कारण जागा तीच राहते आणि बदलतो फक्त उजेड. एका फेरीला वीसच फोटोंची मर्यादा घाला.

२१. रॉमध्ये काढू की जेपेगमध्ये?

शिकत असताना दोन्ही एकत्र. जेपेग लगेच बघायला आणि पाठवायला. रॉमध्ये सावलीतला तपशील आणि व्हाइट बॅलन्स नंतर दुरुस्त करता येतो. हललेला फोटो आणि चुकलेला फोकस मात्र रॉमध्येही दुरुस्त होत नाही, आणि पूर्ण जळालेलं आकाशही परत येत नाही.

२२. चुकून कार्ड फॉरमॅट झालं. फोटो गेले का?

बहुधा नाही, पण त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये यादी पुसली जाते, मूळ माहिती बरीचशी तशीच असते. नवा फोटो तिच्यावर लिहिला गेला की ती जाते. कार्ड काढून ठेवा आणि संगणकावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा, सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर साठवा. ‘लो लेव्हल’ किंवा पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर आशा कमी.

२३. कार्यशाळेत काढलेला फोटो कुणाचा? मी विकू शकतो का?

फोटो काढणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे असतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आम्ही कुणाचा फोटो वापरायचा असेल तर विचारतो. अपवाद दोन. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले, जसे लग्नाचे, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून काम घेण्याआधी दोन ओळी लिहून घ्या. नोकरीचा भाग म्हणून काढले असतील तर सहसा मालकाचा. आणि हक्क तुमचा असला तरी ओळखू येणाऱ्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरायला त्याची लेखी संमती लागेल. घाटावरच्या मावशींनी मान डोलावली ती फोटो काढण्यापुरती होती, पोस्टरवर छापण्यासाठी पुन्हा विचारावं लागेल.